चूल जास्त वेळ कशी टिकवावी?
(पाड्यावरील महिला बैठकांसाठी पाठ)



लेवीय पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात वेदीवरील अग्नी विझू नये म्हणून याजकाला दोन कामे नेमून दिली आहेत. राख काढायची आणि रोज सकाळी लाकडे घालायची. चुलीपुढे बसणाऱ्या प्रत्येक भगिनीला ही कामे ठाऊक आहेत. आज तिसरे काम शिकू या, हवा बेताने देण्याचे.

आमच्या करी रोडच्या चाळींत गिरण्यांच्या काळी भुशाची शेगडी असे. पत्र्याच्या डब्याला तळाशी बाजूने भोक पाडत. त्या भोकातून एक दांडका आत सारायचा, मधोमध बाटली उभी करायची आणि भोवती लाकडाचा भुसा गच्च ठासायचा. मग दोन्ही अलगद काढून घेऊन खालून पेटवायचे. हवा तेवढ्याच वाटेने मिळे, म्हणून भुसा आतून हळूहळू जळे आणि एका भरणीवर काही तास स्वयंपाक चाले.

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर भुसा नाही, मोळी आहे. 2016 साली उज्ज्वला योजना सुरू झाली, पण पुन्हा सिलिंडर भरणे परवडत नाही, म्हणून अनेक घरांत चूल पेटतेच. आईबरोबर मोळीला गेलेली मुलगी त्या दिवशी शाळेत नसते. म्हणून लाकूड पुरवून वापरणे महत्त्वाचे.

1. लाकूड सुकवा. ताज्या लाकडाचे जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असू शकते. ओले लाकूड जास्त वेळ टिकल्यासारखे वाटते, पण त्याची बरीचशी उष्णता ते पाणी उडवण्यातच जाते. पावसाआधी लाकडे फोडून, जमिनीपासून वर, आडोशाला रचा.

2. लाकूड निवडा. पेटवायला काटक्या, टिकवायला मनगटाएवढी लाकडे. ऐन, धावडा जड असतात, सावकाश जळतात. पांगारा, सावर हलके, भरकन जळून जातात. पडलेले, वाळलेले लाकूड घ्या, उभे झाड तोडू नका.

3. ज्वाळा असताना हवा द्या. लाकूड तापले की त्यातून वायू निघतो, ज्वाळा त्याचीच असते. हवा कमी पडली तर तोच वायू धूर होऊन जातो. म्हणजे जळण वाया आणि डोळ्यांना त्रास. चुलीचे तोंड लाकडांनी बुजवू नका. दोन-तीन लाकडे घाला आणि त्यांची टोके जळतील तशी पुढे सरकवा. आच कमी हवी तर लाकूड मागे ओढा. भांड्यावर झाकण ठेवा.

4. निखारे झाल्यावर हवा आवळा. धूर थांबला, लाल निखारे उरले की ते एकत्र करून वर बारीक राख पसरा. राखेखाली विस्तव सकाळपर्यंत राहू शकतो. सकाळी राख सारून काटक्या ठेवा आणि फुंकणीने फुंका.

तिसरी आणि चौथी पायरी उलटी करू नका. लाकूड अजून जळत असताना हवा कोंडली तर चूल खूप वेळ धुमसते, पण त्याची किंमत घरातल्या फुप्फुसांना मोजावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 साली घरातल्या अशा धुरामुळे जगात सुमारे 32 लाख माणसे दगावली. निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत ठेवून तर कधीच झोपू नका. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो. रात्री राखेत विस्तव राखला असेल तरी वारा खेळता ठेवा.

बैठकीत करून पाहा: सारख्या वजनाच्या दोन मोळ्या घ्या. एका चुलीत लाकडे कोंबा, दुसरीत टोके सरकवत जा. दोन्हींवर तेवढाच भात शिजवा आणि उरलेले लाकूड तोला.

चर्चेसाठी: आठवड्यात एक मोळी वाचली, तर तो वेळ आपल्या घरात कोणाला मिळेल?