नाशिकची सहल : संत्रा बागायतदारांनी काय पाहावे?

आपल्या काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी भागातील बागायतदार गटाने नाशिकला जातात, तेव्हा पंचवटी, त्र्यंबकेश्वर, परतताना शिर्डी आणि मध्ये कुठेतरी अर्धा तास द्राक्षबाग असा बेत असतो. देवदर्शन अवश्य करावे. परंतु त्या अर्ध्या तासाचा पूर्ण दिवस करावा, अशी आमची सूचना आहे. समृद्धी महामार्गामुळे सिन्नरपर्यंतचा प्रवास आता सोपा झाला आहे आणि रेल्वेने नाशिकरोडला थेट उतरता येते.

युरोपात नदीकाठच्या जुन्या द्राक्षनगरींत होडीने हिंडण्याची सहल लोकप्रिय आहे. पोर्तुगालमधील पोर्तो हे त्यातील एक शहर. तेथील दौरू नदीच्या खोऱ्यातील द्राक्षपट्ट्याची हद्द १७५६ मध्येच कायद्याने आखून दिली गेली. पूर्वी वाइनची पिंपे ‘राबेलो’ नावाच्या सपाट तळाच्या होड्यांतून खाली येत. पुढे रेल्वे व रस्ते आले, नदीवर धरणे झाली आणि पिंपांच्या जागी पर्यटक बसले. वाइन विकून पैसा मिळतोच, पण ती जिथे पिकते ती जागा दाखवूनही मिळतो.

आपली गोदावरी नाशिकला अशा होड्यांजोगी नाही. मात्र गंगापूर धरणाच्या जलाशयावर पर्यटन विकास महामंडळाने बोट क्लब उभारला आहे. निघण्यापूर्वी तो चालू असल्याची खात्री करून घ्यावी. त्याच परिसरात श्री. राजीव सामंत यांनी १९९७ च्या सुमारास वाइनची द्राक्षे लावली आणि २००० मध्ये सुला कंपनीची पहिली वाइन बाजारात आली. पुढे पाहुण्यांना तिकीट लावून बाग व कारखाना दाखवण्याची प्रथा तेथे पडली. आपण शेत फुकट दाखवतो आणि वर चहाही पाजतो, हे येथे आठवल्याशिवाय राहत नाही.

सहलीस जानेवारी अखेर ते फेब्रुवारी हा काळ योग्य. एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळ छाटणी आणि जानेवारी ते मार्च काढणी असा तेथील क्रम असतो. आंबिया बहार धरणाऱ्यांची बाग त्या वेळी ताण तोडून ओलितावर असते, म्हणून घरी जाणता माणूस ठेवूनच निघावे.

बागेत प्रथम मणी हातात घेऊन पाहावा. खाण्याच्या द्राक्षाचा मणी लांब व मोठा व्हावा म्हणून जिब्रेलिक आम्ल वापरतात. वाइनच्या जातींत मणी मुद्दाम लहान हवा असतो. लाल वाइनचा रंग व तुरटपणा सालीतून येतो आणि मणी जितका लहान तितके रसाच्या मानाने सालीचे प्रमाण जास्त. म्हणून लाल वाइनसाठी रस सालीसह आंबवतात, तर पांढऱ्या वाइनसाठी साल आधीच वेगळी करतात. कारखान्यात हा फरक डोळ्यांनी दिसतो. वाइन चाखलीच पाहिजे असे नाही, आणि गाडी चालवणाऱ्याने तर मुळीच चाखू नये.

आता महत्त्वाचे. कारखान्याच्या दिवाणखान्यात जे दिसत नाही, ते शेजारच्या गावातील बागायतदारास विचारावे. राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. विंचूरला वाइन पार्क झाले आणि अनेकांनी वाइनच्या जाती लावल्या. २००८-०९ च्या मंदीत वाइनचा खप घटला, साठे पडून राहिले आणि कारखान्यांनी खरेदी आखडली. खाण्याचे द्राक्ष एका व्यापाऱ्याने नाकारले तर दुसऱ्याकडे नेता येते. वाइनचे द्राक्ष लहान, बियांचे, जाड सालीचे. ते हातगाडीवर कोण घेणार? अनेकांना वेली उपटाव्या लागल्या. तेव्हा करार किती वर्षांचा, भाव साखरेच्या प्रमाणावर ठरतो काय, माल नाकारल्यास नुकसान कोणाचे, हे तीन प्रश्न वहीत लिहूनच न्यावेत.

“मग आपणही संत्र्याच्या रसाचा कारखाना काढू,” असे परतीच्या गाडीत कोणीतरी म्हणतेच. नागपुरी संत्रा सोलून खाण्यासाठी उत्तम, पण त्याचा रस काढून ठेवला किंवा तापवला की त्यातील लिमोनिनमुळे कडवट होतो. हा कडवटपणा घालवता येतो, पण त्याला यंत्रे व भांडवल लागते. एकट्या शेतकऱ्याने कर्ज काढून त्यात पडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. शिवाय नाशिकचे उदाहरण समोर आहेच.

पाहुणा बागेत आणणे मात्र जमण्यासारखे आहे. नागपूर शहरातील कुटुंबाला तोडणीच्या हंगामात रविवारी काटोलकडे यायला फार वेळ लागत नाही. स्वतः तोडलेल्या फळाला तो भाव देतो आणि जेवण, आंबिया-मृगाची गोष्ट याचेही पैसे देतो. बाग मात्र बागच राहते. पाहुणे आले नाहीत तरी फळ मंडीत जाते. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० पासून असून नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे करता येते.

सुरुवात स्वच्छ संडास, पिण्याचे पाणी व सावलीत बसण्याची जागा एवढ्यापासून करावी. विहिरीला कठडा नसेल तर तो आधी बांधावा, कारण शहरातील मुले आधी तिकडेच धावतात. फवारणी झालेल्या ओळींत, औषधाच्या लेबलवर दिलेला काढणीपूर्व कालावधी संपेपर्यंत, कोणासही सोडू नये. पाहुणा फळ तोडतो आणि न धुता तिथेच सोलून खातो.