मोटारसायकलचा मागचा स्टँड

मुलांनो, अब्बांच्या किंवा भाईजानच्या मोटारसायकलची साखळी साफ करायला तुम्ही मदत करत असाल. बुलेटसारख्या गाडीचे वजन सुमारे १९० किलो असते. मधला स्टँड नसलेल्या जड गाडीचे मागचे चाक उचलण्यासाठी वेगळा मागचा स्टँड वापरतात.

हा स्टँड म्हणजे विज्ञानात शिकलेली तरफच होय. दांडा लांब असल्यामुळे थोड्या जोराने मोठे वजन उचलले जाते. स्टँड घेताना तीन गोष्टी पाहा. त्याची वजन पेलण्याची मर्यादा गाडीच्या वजनापेक्षा जास्त असावी. पाया रुंद असावा. गाडीला टेकणारे रबर मजबूत असावे.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात बरीच जमीन काळ्या मातीची आहे. पावसाळ्यात ती मऊ होते. तिच्यात स्टँड एका बाजूने रुततो आणि गाडी कलंडते. म्हणून गाडी नेहमी सपाट, टणक फरशीवर घ्या.

इंजिन बंद करा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा. एका मोठ्या माणसाने समोरून हँडल धरून गाडी सरळ ठेवावी. दुसऱ्याने स्टँड दोन्ही बाजूंनी नीट बसला आहे हे पाहावे, मग दांडा हळूहळू खाली दाबावा. गाडी पडू लागली, तर तिला धरायला धावू नका; बाजूला व्हा.

साखळी साफ करताना चाक हातानेच फिरवा. इंजिन सुरू असेल, तर फडक्याबरोबर बोटेही साखळीत ओढली जातात. पडलेली गाडी दुरुस्त होते. तुटलेले बोट पुन्हा उगवत नाही.