चहात दूध कोठून आले?

दूध व साखर घालून उकळलेला चहा भारतीय घरांत इतका रुळला आहे की, तो पूर्वापार चालत आला असावा असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः भारतात त्याचा सार्वत्रिक प्रसार होऊन शंभर वर्षेही नीट झालेली नाहीत. चहाची मायभूमी जो चीन, तेथेही तो बहुधा दुधाशिवायच पितात. आठव्या शतकात लू यू याने चहावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यात कांदा, आले, संत्र्याची साल इत्यादी घालून चहा उकळणाऱ्यांचा त्याने धिक्कार केला आहे. मीठ तेवढे त्याला चालत असे.

दुधाची जोड दिली ती चीनच्या सीमेपलीकडील पशुपालकांनी. त्यांच्याकडे दूध विपुल, भाजीपाला मात्र अल्प. चीनला लढाईसाठी घोडे हवे होते. म्हणून सोंग राजवटीने १०७४ साली घोड्यांच्या मोबदल्यात चहा देणारे सरकारी खातेच उभारले. डोंगरवाटांनी वाहून नेण्यास सोयीचे पडावे यासाठी पाने दाबून त्यांच्या विटा करीत. अशा विटेचा तुकडा उकळून मंगोल लोक त्यात दूध व मीठ घालतात. तिबेटी लोक लोणी व मीठ घालून तो उभ्या लाकडी नळकांड्यात घुसळतात. त्या कडाक्याच्या थंडीत हे केवळ पेय नव्हे, अन्नच होय. काश्मीरचा खारट, गुलाबी ‘नून चाय’ याच कुळातला मानावा लागेल.

१६४४ मध्ये मांचू लोकांनी पेकिंग घेतले. त्यांनाही दुधाचा चहा प्रिय होता. १६५५ साली चीनमध्ये आलेल्या डच वकिलातीतील योहान न्यूहॉफ याने मेजवानीत मिळालेल्या चहाचे वर्णन केले आहे. त्यात सुमारे चौथा हिस्सा ऊन दूध व किंचित मीठ होते. फ्रान्समध्ये मादाम द सेव्हीन्ये हिच्या १६८० मधील पत्रात दूध घातलेल्या चहाचा उल्लेख आढळतो. इंग्लंडात १७८४ साली चहावरील जकात शेकडा ११९ वरून साडेबारावर आली आणि गरिबांच्या घरीही चहा शिरला.

दुधाने चहा सौम्य का होतो? चहाच्या पानांत पॉलिफिनॉल वर्गाची द्रव्ये असतात. ती लाळेतील प्रथिनांस चिकटतात, तोंडाचा ओलसर गुळगुळीतपणा कमी होतो आणि जीभ ओढल्यासारखी वाटते. यालाच आपण तुरटपणा म्हणतो. दुधातील केसीन हे प्रथिन त्या द्रव्यांना पेल्यातच धरून ठेवते. कडक कोऱ्या चहाचे दोन पेले घेऊन एकात थोडे दूध घालावे आणि दोन्हींची चव पाहावी, म्हणजे हा फरक कोणासही कळेल. १९४२ साली पुण्याच्या आगाखान महालात स्थानबद्ध असताना लिहिलेल्या आरोग्यविषयक पुस्तकात गांधीजींनी, कातडे कमावणारे टॅनिन जठरावरही तसाच परिणाम करते, असा आक्षेप घेतला होता. ही तुलना ओढूनताणून केलेली आहे. मात्र जेवणाबरोबर घेतलेल्या चहामुळे अन्नातील लोहाचे शोषण घटते, ही गोष्ट खरी आहे; दूध घातल्याने तो दोष जात नाही.

भारताकडे वळू. १६८९ साली सुरतेस आलेल्या ओव्हिंग्टन याने तेथील लोक मसाला, खडीसाखर किंवा मुरवलेले लिंबू घालून चहा घेतात असे नमूद केले आहे. दुधाचा त्यात उल्लेख नाही. आसामातील सिंगफो लोकांना चहाचे झाड ठाऊक होतेच. १८२३ मध्ये ते रॉबर्ट ब्रूसच्या नजरेस आले आणि १८३९ साली आसामी चहाचा पहिला लिलाव लंडनमध्ये झाला. पुढे मळ्यांवर कंत्राटाने बांधलेल्या मजुरांनी अपार हाल सोसून जो चहा पिकवला, तो बहुतेक परदेशी जाई. १९०३ साली प्रचारखर्चासाठी निर्यातीवर उपकर बसला आणि पुढे हा प्रचार देशातही सुरू झाला. गिरण्या, खाणी व रेल्वे स्थानके येथे चहाची दुकाने निघाली. विक्रेत्यांनी दूध, साखर आणि मसाला वाढवून पत्ती कमी केली. प्रचारकांना ते रुचले नाही, कारण त्यात पत्तीचा खप घटे. गिऱ्हाइकास मात्र तेच आवडले. १९३० च्या सुमारास आसामात ‘सीटीसी’ यंत्र निघाले. पाने चिरडून, फाडून, वळवून ते बारीक दाणे बनवते. थोड्या दाण्यांत पुष्कळ रंग उतरतो व दुधातही चव टिकते, म्हणून तोच चहा टपऱ्यांवर रूढ झाला.

मलायात भारतीय मुसलमान विक्रेत्यांनी आटवलेल्या डबाबंद गोड दुधाचा चहा एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतण्याची रीत पाडली. तेथे त्याला ‘तेह तारिक’, म्हणजे ओढलेला चहा, म्हणतात.