गरोदरपण आणि घरातील गोवर-कांजिण्या : भीतीपूर्वी तीन प्रश्न

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात जमाखर्च व रुग्णसंख्येच्या जोडीने आरोग्यशिक्षणाचा एखादा विषय हितचिंतकांपुढे ठेवणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. आम्ही स्वतः वैद्यक नाही. तथापि प्रशासनाच्या मेजावरून जे वारंवार दृष्टीस पडते, ते तज्ज्ञांकडून समजून घेऊन येथे मांडत आहोत.

भरे, घोटवडे फाटा व पिरंगुट या परिसरात कारखान्यांच्या निमित्ताने अनेक कुटुंबे लहान खोल्यांतून दाटीने राहतात. एका मुलाच्या अंगावर पुरळ उठले की शेजारची गरोदर सून धास्तावते. त्यानंतर दोन टोके दिसतात. काही घरांत ‘देवी आल्या’ असे म्हणून आजार झाकला जातो. वास्तविक देवीच्या रोगाचा भारतातील अखेरचा रुग्ण १९७५ साली आढळला. आज दिसतात त्या कांजिण्या. काही घरांत याच्या उलट, पोटातील बाळ सदोष होणारच असे गृहीत धरून गर्भपाताची भाषा सुरू होते. दोन्ही टोके सारखीच घातक आहेत. निर्णयापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे मिळवणे अगत्याचे आहे : आजार नेमका कोणता? गरोदरपणाचा कितवा आठवडा? आणि आईच्या अंगी त्या आजाराविरुद्ध प्रतिकारशक्ती आहे काय?

आजार कोणता?

सर्वांत गंभीर तो रुबेला, म्हणजे जर्मन गोवर. मुलांना तो इतका सौम्य होतो की पुष्कळदा ध्यानातही येत नाही. सिडनी येथील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ मध्ये, जन्मतःच मोतीबिंदू असलेल्या अर्भकांच्या मातांना गरोदरपणाच्या प्रारंभी हा आजार झाला होता, हे प्रथम दाखवून दिले. मोतीबिंदू, बहिरेपण व हृदयातील दोष हे त्याचे प्रमुख परिणाम होत.

कांजिण्यांमुळे बाळात व्यंग येण्याचा धोका पहिल्या वीस आठवड्यांत असतो, परंतु तो शंभरांत एक-दोनांच्या आसपास, म्हणजे अल्प आहे. स्वतः आईला मात्र न्यूमोनिया होऊ शकतो. प्रसूतीच्या आधीचे पाच व नंतरचे दोन दिवस या काळात आईच्या अंगावर कांजिण्या उठल्यास नवजात बाळाला तातडीच्या उपचारांची गरज असते. साध्या गोवरामुळे व्यंग येत नाही, परंतु गर्भपात किंवा अकाली प्रसूती होऊ शकते.

आठवडा कितवा?

आठवडे अखेरच्या मासिक पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. आईला पहिल्या बारा आठवड्यांत रुबेला झाल्यास बाळाला इजा होण्याची शक्यता फार मोठी असते. वीस आठवड्यांनंतर ती क्वचितच उरते. म्हणून संपर्काची तारीख लिहून ठेवावी. संपर्क म्हणजे काय, हेही समजून घ्यावे. कांजिण्या झालेल्या मुलासोबत एकाच खोलीत पंधरा मिनिटे वा अधिक काळ राहणे हा संपर्क होय. त्या मुलाच्या निरोगी नातलगाशी रस्त्यात बोलणे हा नव्हे. कांजिण्या पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत पसरतात.

प्रतिकारशक्ती आहे काय?

हा प्रश्न सर्वाधिक दुर्लक्षिला जातो आणि दिलासाही बहुधा येथेच मिळतो. लहानपणी निश्चितपणे कांजिण्या होऊन गेल्या असतील, तर चिंतेचे कारण सहसा राहत नाही. शंका असल्यास संपर्कानंतर लगेच रक्तातील ‘आयजीजी’ प्रतिपिंडे तपासावीत. ती आढळली, तर आईचे संरक्षण पूर्वीचेच आहे असे समजतात. न आढळल्यास काही आठवड्यांनी फेरतपासणी करतात. कांजिण्यांच्या बाबतीत संपर्कानंतर दहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन देता येते. ते महाग असून सर्वत्र मिळत नाही, म्हणून विलंब करू नये. केवळ ‘आयजीएम’ तपासणी सकारात्मक आली एवढ्यावरून गर्भपाताचा निर्णय कदापि घेऊ नये. ती काही वेळा चुकीने सकारात्मक येते आणि तिचा अर्थ तज्ज्ञांनीच लावावयाचा असतो.

गरोदरपणापूर्वीची तयारी

महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ रोजी गोवर-रुबेला लसीकरण मोहीम सुरू झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाची मुले तीत समाविष्ट होती. याचा सरळ हिशेब असा की, २००३ पूर्वी जन्मलेल्या स्त्रिया त्या मोहिमेच्या कक्षेबाहेर राहिल्या. त्यांनी पूर्वी खासगीरीत्या लस घेतली नसल्यास गर्भधारणेपूर्वी तपासणी अथवा लस याविषयी डॉक्टरांना विचारावे. लस घेतल्यानंतर किमान एक महिना गर्भधारणा टाळावी. गरोदरपणात ही लस देत नाहीत; मात्र अनवधानाने दिली गेली असल्यास तेवढ्या कारणाने गर्भपात करण्याची आवश्यकता नसते. घरातील बालकांना नवव्या ते बाराव्या महिन्यांत पहिली व सोळाव्या ते चोविसाव्या महिन्यांत दुसरी मात्रा वेळेवर दिल्यास घरातील गरोदर स्त्रीचेही रक्षण होते. कांजिण्यांची लस शासकीय नियमित लसीकरणात नाही. ती स्वतंत्रपणे, तीही गरोदरपणापूर्वीच घ्यावी लागते.

बँकेचे पासबुक आपण जपून ठेवतो. मुलीचे लसीकरण कार्ड मात्र शाळाप्रवेशानंतर हरवते. तिच्या विवाहाच्या कागदपत्रांत ते कार्डही असावे, अशी आमची पालकांना विनंती आहे.

अखेरीस एक व्यवहाराची सूचना. संपर्क आलेल्या किंवा अंगावर पुरळ उठलेल्या गरोदर स्त्रीने रुग्णालयात येण्यापूर्वी दूरध्वनी करावा. बाह्यरुग्ण विभागात इतर गरोदर स्त्रियाही बसलेल्या असतात. आधी कळविल्यास तिला वेगळे बसवून तपासता येते. येताना पाळीची तारीख, संपर्काची तारीख आणि असेल ते लसीकरण कार्ड सोबत आणावे.