एका बांधाच्या आत तीन धंदे : झाड, पीक आणि शेळी

कापडाच्या पेढीवर बसणाऱ्याने शेतीवर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांपैकी अनेकांच्या नावावर गावाकडे दोन-चार एकर वडिलोपार्जित जमीन असते. तिच्याकडे कोणी पाहत नाही. ती पडीक राहते किंवा कोणीतरी नातेवाईक निम्म्या वाट्याने करतो, आणि घरात लग्न निघाले की विकली जाते.

आमच्या घरीही हेच ठरले होते. मालेगाव तालुक्यात आमच्या मरहूम वालिदांची तीन एकर हलकी जमीन आहे. विहिरीला पाणी फेब्रुवारीपर्यंत. सन 2014 मध्ये ती विकायला काढली, गिऱ्हाईकही आले. तेव्हा एका जाणत्या माणसाने सांगितले, "शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात शेतजमीन सहसा विकत घेता येत नाही. सातबाऱ्यावरून नाव एकदा उतरले, की तुमच्या मुलांना ते पुन्हा चढवणे जड जाईल." आम्ही थांबलो. मग प्रश्न आला, की नुसत्या बाजरीवर जी जमीन बियाणे-मजुरीचा खर्चही पुरता देत नाही, ती ठेवून करायचे काय? त्याचे उत्तर आम्हांला मिळायला काही वर्षे लागली. ते वाचकांपुढे मांडतो.

दुकानाचे सूत्र शेतातही चालते

ज्या दुकानात एकाच जातीचा माल भरलेला असतो, ते पहिल्या मंदीत बसते. जाणता दुकानदार थोडा रोज खपणारा माल ठेवतो, थोडा हंगामी ठेवतो आणि थोडे भांडवल दीर्घ मुदतीत गुंतवतो. शेतात हंगामी माल म्हणजे पीक. ते चार महिन्यांत पैसा देते, पण पाऊस हुकला तर बुडवते. शेळी म्हणजे चालू खाते. दवाखाना निघाला, शाळेची फी आली, की एक जनावर विकून गरज भागते. झाड म्हणजे मुदत ठेव.

पण खरा फायदा हे तिन्ही एकमेकांस माल पुरवतात त्यात आहे. झाडाचा पाला शेळीला, शेळीची लेंडी पिकाला, पिकाचे सरमाड व भुसा पुन्हा शेळीला. बांधावरचे झाड वारा अडवते, मुळ्या माती धरतात. कारखान्यात एका खात्याचा उरलेला माल दुसऱ्या खात्याचा कच्चा माल व्हावा, तसे हे आहे.

ही गोष्ट नवी नाही. धनगरांच्या मेंढ्या रानात बसवून खत घेणे आणि बांधावर सरळ वाढणारी रामकाठी बाभूळ राखणे, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. आता त्यास कृषिवानिकी किंवा वनशेती असे नाव मिळाले. झाशी येथे 1988 साली यासाठी राष्ट्रीय संशोधन केंद्र निघाले. 2014 साली केंद्र सरकारने राष्ट्रीय कृषिवानिकी धोरण जाहीर केले. असे धोरण करणारा भारत हा जगातील पहिला देश होय.

ईदचा बाजार उन्हाळ्यात आला

आपल्या वाचकांनी एका गोष्टीकडे खास लक्ष द्यावे. शेळीपालनात वर्षाचा मोठा बाजार बकरी ईदचा. चांद्र वर्षामुळे ईद दर साली दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. 2013 साली ती 16 ऑक्टोबरला होती, 2016 साली 13 सप्टेंबरला. त्या वर्षांत पावसाळ्याच्या हिरव्या चाऱ्यावर बोकड आपोआप भरत असे. 2024 साली ईद 17 जूनला आली, 2025 साली 7 जूनला. यापुढे ती मे महिन्यात आणि 2030 च्या सुमारास एप्रिलच्या मध्यावर येईल.

म्हणजे बोकडाला अंगावर आणण्याचे शेवटचे तीन महिने आता ऐन उन्हाळ्यात आले. रानात गवत नाही, विहिरीला पाणी नाही, कडब्याचा भाव चढलेला. अशा वेळी ज्याच्याकडे चारा नाही तो मार्चमध्येच माल कमी भावात व्यापाऱ्याला देऊन मोकळा होतो. ज्याच्याकडे चारा आहे तो ईदपर्यंत थांबतो. नफा त्या थांबण्यात आहे, आणि उन्हाळ्यात थांबण्याची ताकद झाडाचा पाला देतो. झाडाची मुळी खोल जाते. बाजरी वाळून गेल्यावरही ते हिरवे राहते.

जन्माचा हिशेबही आधी करावा. कुर्बानीच्या बकऱ्याला वर्ष पुरे झालेले असावे लागते. गिऱ्हाईक दात पाहते, दोन दाती मागते. शेळीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा. जून-जुलैत शेळ्या भरवल्या तर नोव्हेंबर-डिसेंबरात करडे होतात आणि पुढची नाही तर त्यापुढच्या मेमध्ये ती सतरा-अठरा महिन्यांची, विक्रीस योग्य होतात. म्हणजे माल बाजारात येण्याआधी सुमारे दोन वर्षे बेत ठरवावा लागतो.

कोणते झाड कोठे

1. सुबाभूळ : बांधाच्या आतल्या बाजूने दाट ओळ लावावी. झाड कंबरेच्या उंचीवर छाटत राहावे, म्हणजे कोवळा पाला मिळतो. मात्र यात मिमोसिन नावाचे द्रव्य असते. जास्त दिल्यास जनावराचे केस गळतात, गळ्याची गाठ सुजते. म्हणून एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त देऊ नये. शेंगा पिकू देऊ नयेत, नाही तर बी सगळ्या रानात पसरते.

2. शेवरी व हदगा : विहिरीजवळ, पाटाच्या कडेने लावावीत. लवकर वाढतात, शेळी आवडीने खाते. पाणी थोडे का होईना, लागते.

3. कलमी बोर : हलक्या जमिनीचे हे खरे फळझाड. वीस फुटांवर एक लावावे. फळ हिवाळ्यात मिळते. छाटणी एप्रिल-मे मध्ये करतात, म्हणजे चाऱ्याची सर्वांत ओढ असते त्याच वेळी पाला हाती येतो. ओळींच्या मध्ये पहिली काही वर्षे मूग, मटकी घ्यावी.

4. बाभूळ, कडुनिंब, अंजन : ही बांधावर. बाभळीच्या शेंगा उन्हाळ्यात मिळतात. लाकूड अवजारांच्या व सुतारकामाच्या उपयोगाचे, साल कातडी कमावण्याच्या. म्हणजे कारागीर बांधवांचाही यात संबंध आहे.

सावलीचे नुकसान लपवून उपयोग नाही. झाडालगतच्या दोन-तीन तासांत पीक कमी येते. म्हणून ओळी शक्यतो उत्तर-दक्षिण ठेवाव्यात आणि खरिपाच्या पेरणीपूर्वी खालच्या फांद्या उतरवाव्यात. शेजाऱ्याच्या पिकावर सावली जाईल असे झाड त्याला विचारल्याशिवाय लावू नये. झाडापायी बांधाचे भांडण झाले तर फायदा कोर्टकचेरीत जातो.

आमची चूक

आम्ही सुरुवात केली तेव्हा घाई केली. एकाच पावसाळ्यात दोनशे रोपे लावली आणि त्याच महिन्यात दहा उस्मानाबादी शेळ्या आणल्या. कुंपण केले नव्हते. एके दिवशी राखणदार जुमाच्या नमाजला गेला. तो परत येईपर्यंत शेळ्यांनी निम्म्याहून जास्त रोपांचे शेंडे उडवले होते. रोपांचे पैसे गेले आणि एक वर्षही गेले. दोष राखणदाराचा नव्हता, आमचा होता.

त्यातून शिकलो, की क्रम चुकवू नये. पहिल्या वर्षी कुंपण व झाडे. झाड शेळीच्या तोंडाच्या वर जाईपर्यंत रानात शेळी सोडायची नाही. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस चार-पाच शेळ्या, त्याही गोठ्यात बांधून, पाला कापून घालायचा. पीक निघाल्यावर मोकळ्या रानात फिरवायच्या. तिसऱ्या वर्षी संख्या वाढवायची. या तीन वर्षांत उत्पन्न फक्त पिकाचे. तेवढा धीर नसेल त्याने यात पडू नये.

चाऱ्याचा हिशेब

तीस किलोच्या एका जनावराला रोज सुमारे एक किलो कोरडा आहार लागतो. हिरवा चारा असेल तर सुमारे तिप्पट, म्हणजे तीन किलो. दहा जनावरांना मार्च ते मे या 92 दिवसांत साधारण 9 क्विंटल कोरडा चारा हवा. त्याचा तिसरा हिस्सा झाडांवर टाकला तर 9 क्विंटल ओला पाला लागेल. बाकी बाजरीचे सरमाड, मक्याचा चारा व तुरीचा भुसा यांतून भागते. आधी बांधावर पाला किती होतो हे मोजावे, मग शेळ्यांचा आकडा ठरवावा. आम्ही आधी शेळ्या घेतल्या आणि मग पाला शोधत फिरलो.

या हिशेबाची परीक्षा लवकरच झाली. 2023 चा पावसाळा कोरडा गेला. 31 ऑक्टोबर 2023 रोजी राज्य शासनाने 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात मालेगाव होते. आमची बाजरी हाती लागली नाही. परंतु सुबाभूळ, कडुनिंब आणि बोरीच्या छाटणीवर, थोडा चारा विकत घेऊन, नऊ बोकड 2024 च्या ईदपर्यंत उभे राहिले. पीक बुडालेल्या वर्षी त्यांनीच मजुरी आणि पुढच्या पेरणीचे बियाणे दिले. जमीन विकायचा विषय घरात त्यानंतर निघाला नाही.

भागीदारी आणि कागद

शहरात राहणाऱ्याने हे पगारी माणसावर सोडू नये. आपल्याकडे अर्धलीने शेळ्या देण्याची जुनी चाल आहे. भांडवल एकाचे, मेहनत दुसऱ्याची, होणाऱ्या करडांत निम्मा-निम्मा वाटा. आपल्या व्यवहारातील मुदारबत ज्यांना माहीत आहे त्यांना हे परके वाटणार नाही. पण सर्व लिहून ठेवावे. जनावर मेले तर नुकसान कोणाचे, औषधाचा खर्च कोणाचा, विक्री कोण ठरवणार, हे आधीच स्पष्ट असावे. पीपीआर व आंत्रविषार यांच्या लसी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून वेळेवर टोचून घ्याव्यात. आंत्रविषाराची पावसाळ्यापूर्वी.

झाडांची नोंद सातबाऱ्यावर करून घ्यावी. 2021 पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाईलवरून नोंद करू शकतो. साग, आंबा, चिंच, जांभूळ, खैर, अंजन यांसारखी काही झाडे स्वतःच्या जमिनीतली असली तरी 1964 च्या वृक्षतोड कायद्यान्वये परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. लावतानाच ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पालाछाटणीसाठी सुबाभूळ, शेवरी ठेवल्यास ही अडचण येत नाही.

सारांश इतकाच. गावाकडच्या जमिनीला पडीक समजून विकण्याची घाई करू नये, आणि तीवर एकदम पैसाही ओतू नये. या पावसाळ्यापूर्वी एकदा गावी जावे. बांधावर फिरून कोणती झाडे उभी आहेत ती मोजावीत. विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यात आटते ते विचारावे. हे दोन आकडे वहीत लिहिले, की पुढचा हिशेब आपल्याला दुकानात रोज करायची सवय आहे तोच आहे.