तीन सारा

मुलांनो, वुडफील्ड मॉल तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. तो १९७१ साली उघडला. पण शॉमबर्ग रोडवर सेंट पीटर लूथरन चर्चची जी जुनी इमारत आहे, ती १८६३ सालची. लोकमान्य टिळक तेव्हा सात वर्षांचे होते! आज आपण या गावात सर्वांत आधी संसार मांडणाऱ्या बायकांविषयी आणि त्यांच्या देवाविषयी वाचू.

त्या काळी इथे उंच गवताचे माळरान होते आणि मध्येच एखादी राई. अमेरिकेच्या पूर्व भागातून काही कुटुंबे इथे आली. त्यांच्या वस्तीला ‘सारा’ज ग्रोव्ह’ म्हणत, म्हणजे साराची राई. ही सारा कोण? एक नव्हे, तीन! फ्रिस्बी, मॅकचेस्नी आणि स्मिथ या तिन्ही घरांत एकेक सारा होती, असे सांगतात. हे नाव बायबलमधले. देवाने अब्राहामला आपला मुलूख सोडून अनोळखी देशात जायला सांगितले, तेव्हा त्याच्याबरोबर निघालेली त्याची बायको म्हणजे सारा. माळरानावर घर मांडणाऱ्या बाईला याहून शोभेसे नाव कोणते?

पुढे जर्मन शेतकरी आले आणि १८५० साली नाव ठरवायला सभा भरली. फ्रीडरिश नेर्गे नावाच्या गृहस्थांनी टेबलावर मूठ आपटून सांगितले की, नाव शॉमबर्गच! (ते त्यांच्याकडच्या मुलखाचे नाव.) अशी गोष्ट गावात सांगतात. बायकांना तेव्हा मत नव्हते. तिन्ही सारा गेल्या आणि शॉमबर्ग राहिले.

१८७० पर्यंत इथली जवळजवळ सगळी शेतजमीन जर्मन कुटुंबांकडे आली. त्यांची सेंट पीटर मंडळी १८४७ सालची. त्याच वर्षी शिकागोत मिसूरी सिनड ही लूथरन संस्था स्थापन झाली. या चर्चांत पुरुष एका बाजूला आणि बायका दुसऱ्या बाजूला बसत, आपल्याकडे कीर्तनाला बसत तसेच. मंडळीच्या कारभारात मत फक्त पुरुषांना. देशातल्या सर्व स्त्रियांसाठी मताधिकाराची घटनादुरुस्ती १९२० साली झाली. मिसूरी सिनडने मात्र आपल्या मंडळ्यांत स्त्रियांच्या मताला १९६९ साली परवानगी दिली. त्याच साली माणूस चंद्रावर उतरला!

मग बायकांच्या हाती काय होते? घर होते. जर्मनीहून येताना पेटीत बायबल, गीतपुस्तक आणि मार्टिन लूथरची १५२९ सालची छोटी प्रश्नोत्तरी असे. तिच्यात सकाळची, संध्याकाळची आणि जेवणाआधीची प्रार्थना आहे. आपण जेवणापूर्वी श्लोक म्हणतो, तसेच. घरातल्या कर्त्या पुरुषाने हे मुलांना शिकवावे, असे पुस्तक सांगते. पण कर्ता पुरुष दिवसभर नांगरामागे. लोणी घुसळताना मुलांकडून पाठ म्हणून घ्यायला घरी असे ती आईच. (पालकहो, इथे हसू नका. आपल्या घरी मराठीचा गृहपाठ कोण घेते?)

आणखी एक गोष्ट तिच्या हाती होती, आणि ती फार मोठी. माळरानावर डॉक्टर दूर आणि पाद्री त्याहून दूर. बर्फात बाळ जन्मले आणि ते जगेलसे वाटेना, तर? बाप्तिस्म्यावाचून बाळ जाणार, ही आईची सर्वांत मोठी धास्ती. एरवी बाप्तिस्मा देणे पाद्र्याचे काम. पण लूथरन रीत अशी की, जिवावर बेतले असेल तर कोणत्याही ख्रिस्ती माणसाने तो द्यावा, मग ती शेजारीण असो की सुईण. पाणी घ्यायचे, बाळाच्या डोक्यावर ओतायचे आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांचे नाव घेऊन ठरलेले शब्द म्हणायचे. बाळ जगले तर पुढे पाद्री चर्चमध्ये त्याची नोंद करी, पण बाप्तिस्मा पुन्हा देत नसे. त्या बाईने दिलेला तोच खरा! सभेत जिला हात वर करता येत नव्हता, तिला मध्यरात्री चुलीजवळ हे करता येत होते. हे वाचताना मला ते घर डोळ्यांपुढे दिसते.

हे सारे जर्मनमध्ये चाले. इंग्रजी बाजारासाठी, प्रार्थना आईच्या भाषेत. आपल्याकडेही रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, पण त्यांनी येशूवरची गीते लिहिली ती अभंग-ओवीच्या चालीत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई, ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या, पाच वर्षांनी ख्रिस्ती झाल्या. धर्म बदलला तरी मराठी सुटली नाही.

शब्दार्थ : राई – झाडांचा दाट समूह; मंडळी – एका चर्चचे सभासद; सुईण – बाळंतपण करणारी बाई; धास्ती – भीती.

स्वाध्याय : (१) तुमच्या आजीला पत्र लिहून किंवा फोन करून विचारा : तिला पहिली प्रार्थना कोणी शिकवली, आणि तेव्हा ती बाई हाताने कोणते काम करीत होती? पाच ओळी लिहून आणा. (२) गावाचे नाव ‘साराची राई’च राहायला हवे होते का? पुढच्या तासाला वाद घालू. मते सर्वांना आहेत, मुलींनाही आणि आयांनाही.