भाजलें असतां स्वयंपाकघरांतील उपचार

तापलेल्या तव्याला बोट लागतें, फोडणी करतांना तेल उडतें, कुकरचें झाकण काढतांना वाफ मनगटावर येते, किंवा चहाचें आधण पायावर सांडतें. असे प्रसंग घडले नाहींत असें घर विरळा. असें कांहीं झालें कीं घरांतील प्रत्येक माणूस वैद्य बनतो. एक म्हणतो तूप लावा, दुसरा म्हणतो हळद लावा, तिसरा टूथपेस्टची नळी घेऊन धांवत येतो. कोणी बटाटा किसावयास बसतो, कोणी शाईची दौत शोधतो. हेतु सर्वांचा चांगलाच असतो. परंतु या धांदलींत जीं पहिलीं मिनिटें निघून जातात, त्यांवरच जखम किती खोल जाईल व डाग राहील कीं नाहीं हें पुष्कळ अंशीं अवलंबून असतें. म्हणून स्वयंपाकघरांतील कोणती वस्तु खरोखर उपयोगी व कोणती अपायकारक, याचा विचार आपण येथें करूं.

प्रथम भाजणें म्हणजे काय हें समजून घेतलें पाहिजे. आपल्या कातडीचे मुख्य थर दोन: वरची पातळ बाह्यत्वचा व तिच्या खालची जाड अंतस्त्वचा. या दुसऱ्या थरांत रक्तवाहिन्या, ज्ञानतंतू व केसांचीं मुळें असतात. उष्णतेनें त्वचेची किती हानि होते हें दोन गोष्टींवर ठरतें: उष्णतेचें मान व स्पर्शाचा काळ. मॉरिट्झ व हेन्रिक्स या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९४७ सालीं दाखवून दिलें कीं, ६० अंश सेंटिग्रेड उष्णतेचा स्पर्श सुमारें ५ सेकंद झाला तरी कातडी खोलवर मरते. तीच ७० अंशांस एका सेकंदाचाही अवकाश लागत नाहीं. उकळतें पाणी तर १०० अंशांच्या आसपास असतें आणि फोडणीचें तेल त्याहूनही कितीतरी अधिक तापलेलें असतें.

आपल्याकडे सुश्रुतानें फार प्राचीन काळीं भाजण्याचे प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध व अतिदग्ध असे चार प्रकार सांगितले आहेत. आजचे वैद्यही जखमेच्या खोलीवरूनच तिचे प्रकार पाडतात. केवळ लाली व आग होत असेल तर बाह्यत्वचाच भाजली. फोड आले तर अंतस्त्वचेसही झळ लागली. आणि जागा पांढरी, चामड्यासारखी किंवा काळी पडून तेथें दुखेनासें झालें, तर दोन्ही थर जळाले. येथें एक चमत्कारिक गोष्ट ध्यानांत ठेवावी. खोल जखम कमी दुखते, कारण तेथील ज्ञानतंतूच जळालेले असतात. म्हणून दुखत नाहीं एवढ्यावरून निर्धास्त राहूं नये.

आतां मुख्य मुद्दा. तवा चुलीवरून उतरविला तरी तो बराच वेळ तापलेला राहतो, हें आपण रोज पाहतों. तसेंच कातडीचें आहे. हात मागें घेतला तरी आंत शिरलेली उष्णता लगेच जात नाहीं. ती आपलें काम चालूच ठेवते. ती काढून घेणारी सर्वोत्तम वस्तु म्हणजे साधें गार पाणी. भाजलेला भाग ताबडतोब नळाच्या वाहत्या पाण्याखालीं धरावा व घड्याळ लावून २० मिनिटें धरावा. दोन मिनिटांनीं आग कमी झाली म्हणून हात काढून घेणें चुकीचें आहे. नळाला पाणी नसेल तर बादलींतील स्वच्छ पाणी तांब्यानें हळूहळू ओतावें; खालीं परात ठेवली म्हणजे तेंच पाणी पुनः वापरतां येतें. अपघातानंतर तीन तासांपर्यंत या उपचाराचा उपयोग होतो. पण जितका लवकर तितका बरा.

पाणी चालू असतांनाच अंगठी, बांगड्या, घड्याळ, पैंजण काढून घ्यावेत, कारण सूज आल्यावर ते निघत नाहींत. कापड कातडीस चिकटलें असल्यास तें ओढूं नये. लहान मूल असेल तर भाजलेल्या भागावरच पाणी घालून बाकीचें अंग पांघरुणांत उबदार ठेवावें. नाहीं तर त्यास हुडहुडी भरते. बर्फ मात्र लावूं नये. अति थंडीनें रक्तवाहिन्या आकसतात व आधींच दुखावलेल्या कातडीस नवी इजा होते.

मग तुपाचें काय? तूप व तेल जखमेवर थर धरतात. त्यामुळें उष्णता बाहेर पडण्याऐवजीं आंत कोंडली जाते. हळदीस औषधी गुण आहेत हें खरें. परंतु डब्यांतील पूड जंतुरहित नसते, आणि तिच्या पिवळ्या रंगाखालीं जखमेची खोली डॉक्टरांस नीट दिसत नाहीं. शाईचाही दोष हाच. टूथपेस्ट थंड वाटते, पण तें दांतांसाठीं केलेलें मिश्रण आहे. जखमेला तें झोंबतें. कणीक, खाण्याचा सोडा, कॉफीची पूड, अंड्याचा बलक हीं सर्व जखमेंत चिकटून बसतात व पुढें तीं खरवडून काढतांना रोग्यास दुसऱ्यांदा यातना होतात.

मधाची गोष्ट थोडी निराळी आहे. फोड आलेल्या जखमांवर मधाच्या पट्टीचा गुण येतो, असें वैद्यकीय परीक्षणांत आढळलें आहे. पण तो मध रुग्णालयासाठीं निर्जंतुक केलेला असतो, बरणींतला नव्हे. बटाट्याचेंही तसेंच. मुंबईचे डॉ. केसवानी यांनीं १९८५ सालीं उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या पट्ट्यांविषयीं लेख प्रसिद्ध केला, आणि २००३ सालीं मुंबईंतीलच शल्यवैद्यांनीं केळीच्या पानाच्या पट्टीचा अभ्यास मांडला. हीं आवरणें स्वस्त असून जखमेस चिकटत नाहींत, हा त्यांचा मोठा गुण. पण तीं आधीं निर्जंतुक करून मग वापरतात. कच्चा बटाटा किसून लावणें व ही पट्टी यांत महदंतर आहे. कोरफडीचा गर केवळ लाली आलेल्या जागीं, पूर्ण गार केल्यावर, लावण्यास हरकत नाहीं. फोडावर किंवा उघड्या जखमेवर लावूं नये.

पाणी घालून झाल्यावर जागा हलक्या हातानें टिपावी व स्वच्छ धुतलेल्या सुती कापडाचें सैल आवरण घालावें. कापूस लावूं नये. त्याचे तंतू चिकटतात. फोड फोडूं नयेत. फोडाची कातडी हीच निसर्गानें घातलेली पट्टी होय.

पुढील प्रसंगीं घरगुती उपचारावर विसंबूं नये: जखम रोग्याच्या तळहाताहून मोठी असेल, चेहरा, हात, पाय, सांधे किंवा गुह्यभाग भाजला असेल, कातडी पांढरी किंवा काळी पडली असेल, वीज किंवा तेजाब यांनीं इजा झाली असेल, अथवा रोगी तान्हें मूल किंवा वृद्ध असेल. अशा वेळीं पाणी घालीत असतांनाच दुसऱ्यानें मदतीची व्यवस्था करावी. महाराष्ट्रांत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. लहान जखमही दोन आठवड्यांत भरली नाहीं, तिच्या भोंवतालची लाली पसरूं लागली, पू किंवा ताप आला, तर डॉक्टरांकडे जावें. धनुर्वाताची लस केव्हां घेतली होती हेंही त्यांस सांगावें.

मुलांनो, तुमच्यापैकीं कित्येकांच्या मनांत शंका येईल कीं, आजीनें तुपाची वाटी पुढें केली तर तिला नाहीं कसें म्हणावें? चांगल्या शोमरोन्याचा दाखला तुम्हांस ठाऊक आहे. त्यानें वाटेंत पडलेल्या मनुष्याच्या जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, कारण त्या काळीं त्याला ठाऊक असलेलें व हाताशीं असलेलें उत्तम औषध तेंच होतें. आपण त्याचें तेल घ्यावयाचें नाहीं. जवळ जें उत्तम आहे तें विनाविलंब देण्याची त्याची वृत्ति घ्यावयाची. आज तें उत्तम औषध आपल्या मोरींतच आहे. तेव्हां आजीशीं वाद घालीत बसूं नका. "आजी, आधीं पाणी घालूं या, मग तुम्ही सांगाल तें डॉक्टरांना विचारूं," एवढें नम्रपणें म्हणा आणि नळ सोडा. वीस मिनिटें जवळ उभें राहून लहान भावंडाचा हात पाण्याखालीं धरून ठेवणें हें कंटाळवाणें काम खरें. पण तेवढ्या वेळांत त्याचें जन्माचें व्यंग टळूं शकतें. पालकांसही विनंती कीं, हे नियम त्यांनीं एकदां घरांतील सर्वांस वाचून दाखवावेत. अपघात झाल्यावर शिकावयास वेळ नसतो.